श्वेतद्रव्य आणि रक्तपुरवठा : एका सोप्या आकृतीची तपासणी

माझे एक स्नेही गणिताचे शिक्षक होते. त्यांना निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. मध्यंतरी चालताना तोल जातो, ओळखीची नावे पटकन आठवत नाहीत, अशा तक्रारींमुळे त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढण्यात आला. अहवालात एक ओळ होती. मराठीत तिचा अर्थ असा होतो : 'लहान रक्तवाहिन्यांतील दीर्घकाळच्या अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे श्वेतद्रव्यात झालेले बदल.'

सरांनी त्यावरून स्वतःच अनुमान काढले. मेंदूला रक्त कमी पडते आहे. रक्तदाबाची गोळी दाब कमी करते. दाब कमी झाला तर मेंदूपर्यंत रक्त आणखीच कमी पोचणार. म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता गोळी निम्मी केली. महिन्याभराने दाब मोजला तेव्हा वरचा आकडा १७० च्या पुढे गेलेला होता.

सरांच्या तर्काच्या पायऱ्या वरवर पाहता बरोबर होत्या. दोष होता तो ज्या चित्रावर त्यांनी तर्क उभारला त्या चित्रात. हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आरोग्यविषयक लेखांत, औषधांच्या माहितीपत्रकांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही ते आढळते. तीन चौकोन आणि त्यांना जोडणारे दोन बाण. पहिल्या चौकोनात 'रक्तपुरवठा घटतो', दुसऱ्यात 'श्वेतद्रव्य खराब होते', तिसऱ्यात 'स्मरणशक्ती व चालणे बिघडते'. आकृती सुबक आहे, लक्षात राहते, फळ्यावर अर्ध्या मिनिटात काढता येते. तिच्यातील पहिला बाण कितपत पक्का आहे, हे या लेखात तपासायचे आहे.

श्वेतद्रव्य म्हणजे केवळ तारा नव्हेत

शालेय पुस्तकांत श्वेतद्रव्याच्या वाट्याला सहसा एक-दोन ओळी येतात. मेंदूचा बाहेरचा थर करड्या द्रव्याचा, त्यात चेतापेशींच्या काया. आतला भाग श्वेतद्रव्याचा, त्यात अक्षतंतू. एवढे सांगून पुस्तक पुढे जाते. विद्यार्थ्याची समजूत अशी होते की विचार करणारा भाग करडा आणि पांढरा भाग म्हणजे भिंतीतले वायरिंग. माणसाच्या मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग श्वेतद्रव्याचा असतो, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड होते.

हा पांढरा रंग मायलिन या स्निग्ध पदार्थाचा. मायलिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्को याने १८५४ साली दिले. मायलिनचे वेटोळे अक्षतंतूभोवती गुंडाळलेले असते, पण सलग नसते. ठरावीक अंतरावर तंतू उघडा असतो. चेतनेचा आवेग या उघड्या जागांवरून जणू उड्या मारत जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून आवेग सेकंदाला सुमारे एक मीटर जातो, तर जाड आवरण असलेल्या तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. आवरण खराब झाले की संदेश उशिरा पोचतो किंवा वाटेतच विरतो. विचार करायला, पाऊल उचलायला वेळ लागू लागतो तो यामुळे.

मेंदूत हे आवरण तयार करणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. नावाचा अर्थ 'थोड्या फांद्यांची पेशी'. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ऑर्तेगा याने १९२१ मध्ये त्यांना हे नाव दिले. अशी एक पेशी अनेक तंतूंवरील कित्येक आवरणखंड सांभाळते. म्हणजे एक पेशी मेली तर नुकसान एका तंतूपुरते राहत नाही. या पेशी अक्षतंतूंना ऊर्जेसाठी लागणारा कच्चा मालही पुरवतात, असे २०१२ मधील प्रयोगांनी दाखवले. तेव्हा श्वेतद्रव्य ही जिवंत, खर्चीक आणि नाजूक व्यवस्था आहे. तिला वायरिंग म्हणणे अपुरे आहे.

सिद्धान्ताची बलस्थाने

आता रक्तपुरवठ्याकडे वळू. अमेरिकेतील केटी आणि श्मिट यांनी १९४८ साली निरोगी तरुणांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. तो दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सरासरी ५४ मिलिलिटर भरला. मेंदू १४०० ग्रॅमचा धरला तर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त होते. परंतु ही सरासरी आहे. करड्या द्रव्याला श्वेतद्रव्याच्या साधारण तिप्पट रक्त मिळते.

शिवाय श्वेतद्रव्याला रक्त येते ते अडचणीच्या वाटेने. मेंदूच्या पृष्ठभागावरून बारीक रोहिण्या आत उतरतात. खोलवरच्या श्वेतद्रव्यापर्यंत, म्हणजे मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या आसपास, पोचायला त्यांना काही सेंटिमीटर प्रवास करावा लागतो. वाटेत एकमेकींना जोडणारे मार्ग फारसे नसतात. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतासारखी ही स्थिती आहे. धरणात पाणी कमी झाले तर पहिला फटका टेलच्या शेतकऱ्याला बसतो. एमआरआयमध्ये दिसणारे डाग पुष्कळदा या पोकळ्यांभोवतीच असतात. ही उपमा म्हणूनच मनाला पटते.

त्यात भौतिकशास्त्राचा एक नियम भर घालतो. बारीक नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्शावर येतो. वयाबरोबर आणि रक्तदाबामुळे लहान रोहिण्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, त्यांची पोकळी अरुंद होते. तेव्हा थोड्याशा अरुंदपणाचाही मोठा परिणाम व्हावा, हे ओघानेच आले.

रक्त कमी पडल्यावर पेशीत काय होते, हेही पुष्कळसे कळलेले आहे. अक्षतंतूतून सोडियम बाहेर फेकणारे पंप ऊर्जेअभावी मंदावतात. तंतूत सोडियम साठते आणि त्याच्या पाठोपाठ कॅल्शियम आत शिरते. अतिरिक्त कॅल्शियम पेशीतील प्रथिने तोडणाऱ्या विकरांना जागे करते. ऑलिगोडेंड्रोसाइटना हा ताण विशेष सोसत नाही. त्यांची जागा घेण्यासाठी नव्या पेशी जन्मतात, पण त्या प्रौढ होऊन आवरण गुंडाळू लागतीलच अशी खात्री नसते.

याला प्रयोगाचा आधारही आहे. जपानमधील शास्त्रज्ञांनी २००४ साली उंदरांच्या मानेतील दोन्ही मुख्य रोहिण्यांभोवती ०.१८ मिलिमीटर आतील व्यासाची सूक्ष्म स्प्रिंग बसवली. रोहिण्या बंद झाल्या नाहीत, अरुंद झाल्या. चौदा दिवसांनंतर श्वेतद्रव्यात बिघाड दिसू लागला. करडे द्रव्य मात्र शाबूत होते. पुढे २००७ मध्ये अशा उंदरांची कामापुरती स्मृती कमी झाल्याचेही आढळले.

सिद्धान्ताच्या बाजूने हे सर्व भक्कम आहे. मग शंका कशासाठी?

'होऊ शकते' आणि 'होते'

उंदरांच्या प्रयोगातून सिद्ध झाले ते इतकेच की रक्तपुरवठा घटल्याने श्वेतद्रव्य खराब होऊ शकते. माणसाच्या म्हातारपणी जे डाग दिसतात ते त्याच कारणाने होतात, हे वेगळे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. उंदराच्या मेंदूत श्वेतद्रव्य जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. त्याच्या मानेतील मोठ्या रोहिण्या एका दिवसात अरुंद केल्या गेल्या. माणसात बिघाड होतो तो मेंदूतील अगदी लहान वाहिन्यांत, आणि तोही दहा-वीस वर्षांत हळूहळू.

माणसांत पाहिलेला पुरावा मुख्यतः असा असतो : ज्यांच्या मेंदूत डाग अधिक, त्यांचा रक्तप्रवाह कमी. येथे पुन्हा टेलच्या शेताकडे जाऊ. समजा, आपण एका दुपारी गेलो आणि पाहिले की शेत उजाड आहे आणि चारीला पाणीही कमी आहे. यावरून पाण्याअभावी पीक गेले असे म्हणता येईल काय? येईल, पण आणखी दोन शक्यता उरतात. एक, पीक आधीच रोगाने गेले असेल आणि शेतकऱ्याने पाण्याची मागणीच केली नसेल. दुसरी, कालव्याचा पाझर शेतात मुरून जमीन चिबड झाली असेल आणि पीक तहानेने न मरता पाण्याने सडले असेल.

मेंदूच्या बाबतीत या दोन्ही शक्यता कल्पनेतल्या नाहीत.

पहिली शक्यता मागणीची. मेंदूच्या ज्या भागात काम अधिक, तिकडे रक्त अधिक जाते, असा विचार रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० सालीच मांडला होता. म्हणजे जो भाग आधीच निकामी झाला तो रक्त कमी मागेल. तेव्हा कमी प्रवाह हे बिघाडाचे कारण नसून परिणामही असू शकेल. कोणते आधी घडले हे ठरवायचे तर त्याच माणसांची काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासणी करायला हवी. २०१६ साली एडिंबरो येथील संशोधकांनी अशा ३८ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे चार हजार लोकांवरील निरीक्षणांचा, एकत्र आढावा घेतला. बहुतेक अभ्यास एकाच वेळच्या मोजणीचे होते. काळाच्या ओघात पाहणारे अभ्यास फक्त चार निघाले आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. ४० लोकांच्या एका लहान अभ्यासात जेथे पुढे डाग पडले तेथे आधीच प्रवाह कमी होता. ५७५ लोकांच्या मोठ्या अभ्यासात मात्र उलटे दिसले : ज्यांच्यात सुरुवातीला डाग अधिक होते त्यांचा प्रवाह पुढील सुमारे चार वर्षांत घटला. पीक आधी गेले, पाणी मागून कमी झाले.

दुसरी शक्यता पाझराची. एमआरआयमध्ये हे डाग पांढरे चमकतात ते कशामुळे? त्या ठिकाणी पाण्याचे प्रमाण वाढलेले असते म्हणून. निरोगी मेंदूत केशवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. रक्तातील प्रथिने सहजासहजी मेंदूत उतरत नाहीत. या अडसराला बारीक गळती लागून रक्तद्रव आसपास झिरपत असावा आणि वाहिनीची भिंत व शेजारचे श्वेतद्रव्य त्याने बिघडत असावे, असा विचार एडिंबरोच्याच जोॲना वॉर्डलॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडला. तसे असेल तर वाहिनी अरुंद होणे ही नंतरची पायरी ठरते.

आणखी एक तपासणी निसर्गानेच करून ठेवली आहे. काही लोकांत मानेच्या एकाच बाजूची रोहिणी अरुंद झालेली असते. प्रवाहाचा सिद्धान्त साध्या रूपात खरा असेल तर मेंदूच्या त्या बाजूला डाग अधिक हवेत. माणूस तोच, वय तेच, रक्तदाबही तोच. फरक फक्त बाजूचा. याहून चांगली तुलना मिळणे अवघड. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. एका अभ्यासाने प्रश्न सुटत नाही; मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या रोहिण्या जोडलेल्या असल्याने एका बाजूची तूट दुसरी बाजू काही अंशी भरूनही काढते. तरीही आकृतीतला बाण आपण समजतो तितका सरळ नाही, एवढे त्यातून दिसते.

नावात दडलेला निष्कर्ष

या संशोधनात नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. १८९४ साली ओट्टो बिन्स्वांगर याने श्वेतद्रव्याच्या ऱ्हासाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध रोहिण्यांच्या काठिण्याशी जोडला. पुढे सीटी स्कॅन आला आणि असे बदल हजारो लोकांत दिसू लागले. तेव्हा १९८७ साली कॅनडातील व्लादिमिर हॅचिन्स्की व सहकाऱ्यांनी मुद्दाम एक तटस्थ नाव सुचवले : ल्युकोअरायोसिस. ग्रीक भाषेत 'ल्युकोस' म्हणजे पांढरे आणि 'अरायोस' म्हणजे विरळ. आपण 'श्वेतविरलता' म्हणू शकू. नावात कारण नव्हते, फक्त वर्णन होते. २०१३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जी परिभाषा ठरवली तिच्यातही हे डाग 'वाहिन्यांशी निगडित असल्याचे गृहीत धरलेले' असे म्हटले आहे. 'गृहीत धरलेले' हा शब्द तेथे विचारपूर्वक घातलेला आहे.

रोजच्या व्यवहारात मात्र तो गळून पडतो. अहवालात 'अपुऱ्या रक्तपुरवठ्यामुळे' असे येते. या 'मुळे' प्रत्ययात एक अख्खा सिद्धान्त दडलेला असतो, आणि वाचणाऱ्याला तो डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तुस्थितीसारखा वाटतो. शिवाय हे डाग किती सामान्य आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वयाच्या १०७७ लोकांची तपासणी करण्यात आली, तेव्हा ज्यांच्यात एकही डाग नाही असे लोक अवघे पाच टक्के निघाले. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. डाग असणे आणि गंभीर आजार असणे एक नव्हे. डाग किती आणि किती वेगाने वाढतात याला महत्त्व आहे.

दाब आणि प्रवाह

आता सरांच्या गोळीकडे येऊ. त्यांच्या तर्कातील गृहीत असे की दाब कमी म्हणजे प्रवाह कमी. नळाच्या बाबतीत हे खरे आहे. मेंदूच्या वाहिन्या मात्र निर्जीव नळ नाहीत. दाब उतरला की त्या रुंदावतात, चढला की आकुंचन पावतात, आणि बऱ्याच मोठ्या मर्यादेत प्रवाह जवळजवळ कायम ठेवतात. डेन्मार्कच्या नील्स लासेन याने १९५९ साली हे स्पष्टपणे मांडले. सततच्या चढ्या दाबाने वाहिन्यांच्या भिंती ताठर होतात आणि त्यांचे हे कसब कमी होते.

याची प्रत्यक्ष कसोटी अमेरिकेतील 'स्प्रिंट' या अभ्यासाने घेतली. २०१० मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात पन्नाशीपुढील रक्तदाबाचे ९३६१ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटात वरचा रक्तदाब १४० च्या खाली, दुसऱ्यात १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. त्यांपैकी ४४९ जणांच्या मेंदूचे एमआरआय सुमारे चार वर्षांच्या अंतराने दोनदा काढले गेले. सरांचा तर्क खरा असता तर १२० च्या गटात डाग अधिक वाढायला हवे होते. २०१९ मध्ये निष्कर्ष आले ते असे : १४० च्या गटात डागांचे घनफळ सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, १२० च्या गटात ०.९२ ने. दाब अधिक उतरवला तेथे डाग सावकाश वाढले.

मग प्रवाहाचा सिद्धान्त खोटा ठरला काय? नाही. याच अभ्यासातील काही जणांचा रक्तप्रवाहही मोजला होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत १२० च्या गटात प्रवाह घटलेला नव्हता, उलट किंचित वाढलेला होता. म्हणजे प्रवाहाचे महत्त्व मानणाऱ्यालाही हे निष्कर्ष पटण्यासारखे आहेत. मोडीत निघाले ते फक्त 'दाब कमी म्हणजे प्रवाह कमी' हे नळाचे चित्र.

प्रामाणिकपणे आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. १२० च्या गटात मेंदूचे एकूण आकारमान किंचित अधिक घटले, त्याचा अर्थ अजून पुरता लागलेला नाही. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण या गटात कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणण्याइतका मोठा नव्हता. स्मृतिभ्रंशाच्या अलीकडच्या सौम्य अवस्थेत मात्र घट स्पष्ट होती. शिवाय मधुमेही आणि आधी पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण या अभ्यासात घेतलेले नव्हते. म्हणून १२० हा आकडा सर्वांना सरसकट लागू करता येणार नाही. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. गोळीची मात्रा त्यांनी बदलायची, आपण नव्हे.

वर्गासाठी

या सगळ्यातून शिक्षकाने काय घ्यावे? आकृती टाकून द्या असे मी म्हणणार नाही. तिच्या पहिल्या बाणाखाली 'हे कशावरून?' असे लिहा, आणि उलट दिशेचा एक तुटक बाण काढा. तिसरा बाण चढ्या रक्तदाबापासून वाहिनीच्या भिंतीकडे आणि तेथून दोन फाटे : एक अरुंद होण्याकडे, दुसरा गळतीकडे. आकृती थोडी गुंतागुंतीची होईल, पण ती आजच्या ज्ञानाला धरून असेल. तीन-चार कारणे एकत्र काम करत असणे हेच बहुधा खरे आहे.

नववी-दहावीच्या वर्गात टेलच्या शेताचे कोडे घालून पाहा. मुलांचे तीन गट करा. एकाने म्हणायचे पीक तहानेने गेले, दुसऱ्याने म्हणायचे रोगाने गेले, तिसऱ्याने म्हणायचे जमीन चिबड झाली. प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारा : 'तुमचे म्हणणे खरे आणि इतरांचे खोटे, हे कोणती पाहणी केल्यास कळेल?' मुले थोड्या वेळात सांगू लागतील : पीक वाळण्याच्या आधीपासून पाणी मोजा, एकाच चारीवरच्या दोन बाजूंच्या शेतांची तुलना करा, खड्डा खणून पाणी किती खाली आहे ते पाहा. त्यानंतर त्यांना सांगा की मेंदूच्या बाबतीत संशोधकांनी याच तीन पाहण्या केल्या : वर्षानुवर्षांची मोजणी, मानेच्या एका बाजूची रोहिणी आणि अडसराच्या गळतीचा शोध.

आमच्या सरांनाही मी हेच कोडे घातले. त्यांनी थोडा विचार करून विचारले, "म्हणजे माझा पहिला चौकोनच गृहीत होता म्हणायचा?" दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि गोळी पुन्हा पूर्ण सुरू झाली. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा अहवाल उद्या आपल्या विद्यार्थ्याच्या हातात पडेल. त्यातल्या 'मुळे' या शब्दापाशी तो क्षणभर थांबला आणि गोळीला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला गेला, तर तासाचे सार्थक झाले असे समजावे.